सावनदुर्गाला जाताय? आधी उतरायची वाट ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचा सहा जणांचा गट. सिंहगड-राजगड-तोरणा झालेलं, कलावंतीण झालेली, ढाकची बहिरीही झालेली. आता दिवाळीच्या सुट्टीत बंगळुरूजवळचा सावनदुर्ग हा उघड्या कातळाचा डोंगर करायचाय, सोबत तेरा वर्षांची भाची आहे. महिना बरोबर आहे का, रोप न्यायचा का, बूट कोणते, शनिवार-रविवारात उरकेल का, आणि शेवटी, "ढाक केलंय म्हणजे हे जमेलच ना?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या सगळ्यांची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. दम, वजन उचलण्याची ताकद, उंचीची भीती मेलेली असणं, हे सगळं तुमच्याकडे आहे आणि ते उपयोगी पडेल. पण ढाकला किंवा कलावंतिणीला तुम्ही जे केलंत, ते हातांनी केलंत. कोरलेल्या पायऱ्या, खोबणी, बांधलेला दोर, काहीतरी पकडायला होतं. सावनदुर्गाच्या कातळावर पकडायला काही नाही. तिथे सगळा खेळ पायांचा आहे, आणि सह्याद्रीत मुरलेल्या माणसाला नेमकं हेच जड जातं. अगदी नवखा माणूस सांगितलेलं ऐकतो. आपल्याकडचा पट्टीचा ट्रेकर कातळ चढायला लागला की पहिल्या मिनिटात होल्ड, म्हणजे हाताने पकडायची जागा, शोधायला लागतो.

यामागे दगडाचाच फरक आहे. आपला सह्याद्री म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या लाव्ह्याचे थर. म्हणून आपल्याकडे कडा, मग गवताळ पट्टी, मग पुन्हा कडा, असा टप्प्याटप्प्याचा डोंगर असतो. दगड फुटका, कुठे मुरमाड, कुठे घसारा, पण पायाखाली दर थोड्या अंतरावर काहीतरी आडवं येतंच. सावनदुर्गाचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर, अतिशय सावकाश थंड झालेला आहे. वय साधारण 250 कोटी वर्षं. सावकाश थंड झाल्यामुळे त्याचे स्फटिक मोठे झाले. गारेचे, फेल्डस्पारचे आणि अभ्रकाचे दाणे डोळ्यांना सुटे दिसतात, हाताला खरखरीत लागतात. वरचं ओझं झिजून गेल्यावर हा दगड कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटत जातो, म्हणून त्याचे डोंगर घुमटासारखे गोल. टप्पे नाहीत, कपारी नाहीत, एकसंध उतरता कातळ. भूगर्भशास्त्रात या ग्रॅनाइटच्या पट्ट्याला क्लोजपेट म्हणतात. क्लोजपेट हे शेजारच्या रामनगरचं जुनं नाव आणि ते ज्या बॅरी क्लोजवरून पडलं, तोच पुढे पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. 1802 च्या अखेरीला दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह केला तो यानेच. पुणेकरांचा या दगडाशी संबंध असा जुना आहे, आणि तोही फारसा सुखाचा नाही.

आता महिना. दिवाळीत जाऊ नका. आपल्याकडे दसरा झाला की पाऊस संपला असं आपण धरून चालतो. दक्षिण कर्नाटकात तसं नाही. परतीचा पाऊस आणि त्याच्या पाठोपाठ ईशान्य मोसमी वारे, यामुळे बंगळुरूच्या बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबर हेच वर्षातले सर्वात पावसाचे महिने असतात आणि नोव्हेंबरचाही भरवसा नसतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तिथे दोन-दोन दिवस रिपरिप चालते. पुण्यात बसून निरभ्र आकाश बघून निघाल आणि तिथे ओल्या कातळासमोर उभे राहाल. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर विजा आणि वळीव, शिवाय दगड तव्यासारखा. राहतो तो डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. नाताळची सुट्टी भाचीच्या शाळेलाही जमेल. फक्त नेमका 25 डिसेंबर आणि त्याच्या आसपासचे शनिवार-रविवार टाळा. पायथ्याला वीरभद्रस्वामींचं आणि नरसिंहस्वामींचं अशी दोन देवळं आहेत. तिथे येणाऱ्यांची आणि बंगळुरूच्या सुट्टीबहाद्दरांची गर्दी एकदमच होते.

परवानगीचं आधी बघा. 2024 च्या जानेवारीत कुमार पर्वतावर एकाच वेळी प्रचंड गर्दी लोटली. त्यानंतर कर्नाटक वनविभागाने ट्रेकसाठी ऑनलाइन बुकिंगचा नियम कडक केला. रेल्वेचं तिकीट काढण्याआधी वनविभागाच्या संकेतस्थळावर सावनदुर्गाची वाट खुली आहे का, आणि त्या तारखेला जागा आहे का, हे बघायचं. आपल्याकडच्यासारखं "गावात गाडी लावू, कुणीतरी मामा भेटेल, तो सोडेल वर" हे चालत नाही. रात्री चढून वर सूर्योदय बघायचा बेत असेल तर तोही डोक्यातून काढून टाका. रात्री परवानगी नाही, आणि त्या जंगलात बिबटे आहेत, अस्वलंही आहेत. अस्वल आपल्याकडे पुण्याच्या आसपास भेटत नसल्यामुळे आपण ते गंमतीवारी नेतो. पहाटेच्या अंधारात झुडपातून अचानक समोर आलेलं अस्वल बिबट्यापेक्षा वाईट.

बुटांबद्दल लोक फार पैसे घालवतात. आपल्याकडे ज्या खोल नक्षीच्या तळव्याचा आग्रह धरतो, तो चिखलासाठी आणि घसाऱ्यासाठी. सपाट ग्रॅनाइटवर त्या खोल नक्षीमुळे दगडाला टेकणारं रबर कमी होतं. इथे मऊ रबराचा, उथळ नक्षीचा, पायात घट्ट बसणारा बूट चांगला. तुमच्या पायात सध्या ॲक्शन कंपनीचे बूट असतील आणि तळवा कडक झालेला नसेल, तर तेच न्या. रबर कडक झालंय का हे बघायला अंगठ्याचं नख तळव्यात रुतवा. खूण उमटून पुन्हा भरून आली तर ठीक. प्लॅस्टिकसारखं लागलं तर तो बूट लग्नाला वापरा. नवा कोरा बूट तिथे पहिल्यांदा घालायचा नाही, हे सांगायची गरज नसावी.

आणि बुटाइतकंच महत्त्वाचं म्हणजे तळव्याला चिकटलेली रेती. ग्रॅनाइट झिजतो तेव्हा त्याचे दाणे सुटे होऊन कातळावर पसरतात, विशेषतः खोलगट जागी आणि पापुद्र्यांच्या कडेला. त्यावर पाय पडला की छर्र्यांवर पाय ठेवल्यासारखा सटकतो. झुडपातून कातळावर येताना दोन सेकंद थांबून तळवा पोटरीवर घासून पुसायचा, मग पुढचं पाऊल. हे वेडगळ दिसतं, पण क्लाइंबिंग करणारी मंडळी प्रत्येक चढाईआधी हेच करतात.

आता चालायचं कसं. उतरत्या कातळावर उभं राहिलं की शरीर आपोआप पुढे झुकतं, हात दगडाला टेकतात, टाचा उचलल्या जातात. इथेच गडबड होते. घर्षण दाबावर चालतं. हातांनी भार उचलला की बुटाखालचा दाब तेवढा कमी होतो, आणि टाच उचलली की टेकलेलं रबर निम्म्यावर येतं. मग पाय थरथरतो, माणूस आणखी झुकतो, आणि पाय सुटतो. करायचं याच्या बरोबर उलट. कंबर पायांवर आणायची, पाठ ताठ, टाच खाली सोडायची, पूर्ण तळवा टेकवायचा. पावलं छोटी. मोठ्या पावलात एक पाय अंतराळी असताना दुसऱ्यावर झटका बसतो, आणि घर्षणाला झटका सहन होत नाही. नजर पुढच्या दोन पावलांवर: कुठे बोटभर खळगा आहे, कुठे रंग फिकट आणि पोत खरखरीत आहे. चकाकणारा, लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेला पट्टा वाटेतच असतो. तो सोडून हातभर बाजूने चाललं तर बरं.

मधल्या एका तिरक्या टप्प्यावर पुण्याचेच एक काका चारी अंगांनी कातळाला चिकटलेले मी पाहिले आहेत. मजबूत माणूस, नखं दगडात रुतवून बसलेला, आणि बूट मात्र सावकाश खाली घसरतायत. त्यांना एकच सांगितलं, "काका, हात सोडा." भलतंच काहीतरी ऐकल्यासारखे बघत राहिले. मग एक हात सोडून गुडघ्यावर ठेवला, दुसरा सोडला, उभे राहिले, आणि घसरणं जागच्या जागी थांबलं. दगड तोच, बूट तेच.

याचा सराव पुण्यात करता येतो. सिंहगड पाठीवर वजन घेऊन करा, पण लक्ष उतरण्यावर ठेवा. आतकरवाडीकडे धावत उतरायचं नाही, प्रत्येक पाऊल पूर्ण तळव्याने, गुडघा किंचित वाकवून. शिवाजीनगरच्या क्लाइंबिंग वॉलवर कुणा जाणकाराच्या देखरेखीखाली सपाट उताराच्या भागावर नुसते पाय वापरून चढायचा सराव मागा. आणि घरच्या घरी म्हणाल तर सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प आहेच. हात मागे बांधून वर-खाली करा, वॉचमन बघेल तर बघू दे.

जाताना थेट सावनदुर्गावर जाऊन धडकू नका. पुणे ते बंगळुरू साधारण 840 किलोमीटर. शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर गाडी काढायची, रात्रभर चालवायची आणि सकाळी कातळावर चढायचं, हा बेत राजगडला चालून जातो. इथे पाय नेमके पडायला हवेत आणि झोप न झालेल्या माणसाचे पाय नेमके पडत नाहीत. तेव्हा शनिवार-रविवारात उरकेल का, याचं उत्तर नाही. चार दिवस काढा. पहिल्या दिवशी कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत चित्रदुर्गापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रदुर्गाचा किल्ला बघा. तोही ग्रॅनाइटचाच आहे, आणि तिथे निवांतपणे या दगडावर पाय कसा बसतो ते कळतं. वेळ आणि दम असेल तर सिऱ्याहून मधुगिरीकडे वळा. तिथला किल्ला म्हणजे एकच प्रचंड शिळा. वरच्या भागात कातळात खोदलेल्या पावठ्या आणि कठडे असल्यामुळे आधार मिळतो, पण खाली बघितलं की उतरता कातळ कसा दिसतो याचा अंदाज येतो. मधुगिरीला ज्याचे पाय लटपटले, त्याने सावनदुर्गाच्या दिवशी देवळात बसावं. मुक्काम तुमकूरला. तिसऱ्या दिवशी सावनदुर्ग, चौथ्या दिवशी परत. गाडी नको असेल तर उद्यान एक्सप्रेसने बंगळुरूपर्यंत झोपून जा आणि तिथून टॅक्सी करा. शहरापासून मागडीमार्गे सावनदुर्ग साधारण 60 किलोमीटर. वेळ जास्त लागतो, पण माणसं ताजी पोचतात.

चढाईच्या दिवसाचं वेळापत्रक असं. सावनदुर्गाची उंची 1226 मीटर असली तरी पायथाही बराच उंचावर आहे. प्रत्यक्ष चढाई सिंहगडापेक्षा कमी, त्यामुळे दमाचा प्रश्न नाही. प्रश्न उन्हाचा आहे. उघड्या कातळावर सावली जवळजवळ नाहीच, आणि दहानंतर दगड खालून तापायला लागतो. पण अगदी उजाडताच निघणंही शहाणपणाचं नाही, कारण हिवाळ्यात पहाटेचं दव पडलेलं असतं आणि कातळावरच्या शेवाळाचा बुळबुळीतपणा तेव्हाच सर्वात जास्त. सकाळी सात-सव्वासातला चढायला लागा, साडेनऊपर्यंत माथ्यावरच्या नंदीमंडपाशी पोचा, दहाला उतरायला सुरुवात. साडेदहा वाजले आणि माथा आला नसेल तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवून ठेवा. वर गेल्यावर ठरवायला बसलात तर सहा जणांची सहा मतं होतील. पाणी माणशी तीन लिटर, कारण वर पिण्याजोग्या पाण्याची खात्री नाही. मंडपाजवळ माकडं असतात, तेव्हा खाऊ सॅकच्या आत.

कातळावरून खाली उतरत गेलेले काळे पट्टे दिसतील. ते पाणी वाहण्याचे मार्ग. कोरडे असताना त्यांवर पाय टिकतो, ओले असताना साबण. मला विचाराल तर कोरडे असले तरी ओलांडायचे, त्यांच्यावरून चढायचं नाही. आदल्या रात्री पाऊस झाला असेल, किंवा वाटेतला पट्टा चमकत असेल, तर माघारी फिरा. इथे "बघू, जमेल तिथपर्यंत जाऊ" याला अर्थ नाही, कारण ओल्यात चढता येतं तिथून उतरता येईलच असं नसतं. विजांचं तर बोलायलाच नको. संपूर्ण टक्कल असलेल्या घुमटावर सर्वात उंच वस्तू तुम्हीच असता.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते उतरणं. सह्याद्रीत पायथा दिसला, गाव दिसलं की आपण सोंड पकडून किंवा नाळेतून खाली सुटतो. वाट चुकली तरी शेवटी कुठल्यातरी पठारावर नाहीतर ओढ्यात येतो. घुमटावर हे गणित उलटं आहे. घुमट वर सपाट असतो आणि खाली जाताना हळूहळू तीव्र होत जातो. माथ्यावरून दहा पावलांपलीकडचा उतार दिसतच नाही, फक्त त्यापलीकडचं जंगल दिसतं. प्रत्येक पुढचं पाऊल मागच्यापेक्षा थोडंसंच तीव्र असतं, त्यामुळे चाललंय असं वाटतं. मग एका जागी कळतं की खाली जाता येत नाही, आणि मागे वळायला वळण घेण्याइतकीही जागा सपाट नाही. अशा डोंगरांवर माणसं अडकतात ती बहुतेक अशीच, उतरताना, खुणा सोडून, पायथा समोर दिसतोय म्हणून.

वाटेवर बाणांच्या खुणा आहेत, पण त्या चढणाऱ्याच्या नजरेने काढलेल्या. उतरताना त्याच खुणा उतारापलीकडे लपतात. म्हणून चढतानाच दर बाणापाशी मागे वळून बघायचं: इथून खालचा बाण कुठे दिसतो, शेजारी कुठलं झुडूप, कुठली फुटकी शिळा आहे. फोनवर ट्रॅक रेकॉर्ड करा आणि नकाशा पुण्यातूनच डाउनलोड करून घ्या. उतरताना एक जण शेवटच्या सापडलेल्या खुणेपाशी उभा राहील, दुसरा पुढची शोधेल, ती सापडल्यावरच बाकीचे हलतील. सापडली नाही तर वर परत. वर म्हणजे वरच, आडवं जाऊन शोधायचं नाही.

उतरायचं तोंड बाहेर करून, गुडघे वाकवून, वजन खाली ठेवून. फारच तीव्र वाटलं तर बसून, तळवे आणि पाय दोन्ही टेकवून सरकायचं. पँट फाटेल, फाटू दे. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने चालायचं नाही, तिरकं अंतर ठेवायचं. सॅकला बाहेर लटकवलेल्या बाटल्या, मॅट, कप नकोत. सुटलेली बाटली त्या उतारावर कुठेच थांबत नाही. एखादा पापुद्रा पाय ठेवल्यावर पोकळ वाजला, तर त्याच्या कडेवर भार टाकू नका, तो सुटा असू शकतो.

रोपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कोरड्या दिवशी नेहमीच्या वाटेला रोप लागत नाही. आणि ज्या दिवशी लागेल असं वाटतं, त्या दिवशी जायचं नसतं. रोप बांधायला झाड, खाच, शिळा काहीतरी लागतं. या कातळावर मोक्याच्या जागी नेमकं तेच नसतं. बिले, म्हणजे घसरणाऱ्याला दोराने धरून ठेवायचं तंत्र, नीट येत नसताना सहा जणांनी एकाच दोराला बांधून घेतलं, तर एक घसरला की सहाही जातील. गटात खरंच बिले येणारा माणूस असेल तर 30 मीटर रोप, दोन हार्नेस आणि थोडं सामान भाचीसाठी म्हणून न्यायला हरकत नाही, ते सॅकमध्ये राहिलं तर उत्तम. त्याच डोंगराच्या उभ्या बाजूंवर बोल्ट मारलेल्या लांबलचक क्लाइंबिंगच्या वाटा आहेत. त्या वेगळ्या, त्या बघून "आपणही थोडं वर जाऊन बघू" असं करू नका.

आग्या मोहोळांबद्दल तुम्हाला माहीत आहेच, नियम आपल्याकडचेच: अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा नाही. फरक एवढाच की मधमाश्या उठल्या तर कातळावर पळता येत नाही. डोकं-तोंड झाकून सावकाश जवळच्या झुडपाकडे जायचं. म्हणून प्रत्येकाकडे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि एखादा पंचा असावा. अडचण आलीच तर 112.

राहिली भाची. वयाचा प्रश्न नाही. हलक्या अंगाची मुलं या दगडावर मोठ्यांपेक्षा छान चालतात, कारण त्यांना अजून हातांची सवय लागलेली नसते. फक्त ती नेहमी दोन मोठ्या माणसांच्या मध्ये, आणि तिच्या खालच्या अंगाला तिरकं चालणारा माणूस गटातला सर्वात पक्का. पायथ्याला कातळ सुरू होतो तिथे तिला आणि बाकी सगळ्यांनाही घराच्या एका मजल्याएवढं वर चढवा आणि लगेच खाली उतरवा. चढणं बघू नका, उतरणं बघा. जो हात टेकत, बसत, खालच्याला हाका मारत उतरतो, त्याच्यासाठी तो दिवस तिथेच संपला, मग तो तुमचा सर्वात अनुभवी ट्रेकर का असेना. त्याच्यासोबत एक जण खाली थांबेल, हेही आधीच ठरवा. नाहीतर एकट्याला देवळात बसवून गेलो म्हणून परतीचे 840 किलोमीटर ऐकावं लागेल.